मदत हवी आहे: सैल वाळूचा भराव, पायथ्याशी पाझर

उतार 1:2 (उभं 1, आडवं 2), म्हणजे साधारण 26.5 अंश. वाळू एकसारख्या कणांची, एसपीटी (नळी ठोकून घट्टपणा मोजायची चाचणी) 6 ते 8 ठोके, घर्षणकोन 32 अंश धरलाय. कोरड्यात सुरक्षा गुणांक (1 च्या खाली गेला की उतार ढासळतो) 1.25 येतो, पाझर उताराला समांतर धरला की थेट 0.6! वरची ओलसर वाळू उभी दिसते ती फक्त केशाकर्षणाने, त्यावर भरवसा नाही. पायथ्याशी पाण्यासोबत बारीक कण निघताहेत, तेव्हा तिथे फिल्टर (पाणी जाऊ देणारा, कण अडवणारा थर) हवाच.

खरी अडचण सैलपणाची. अशी वाळू सरकताना आकसते, छिद्रदाब (कणांमधल्या पाण्याचा दाब) चढतो आणि उतार द्रवासारखा वाहतो. व्हायब्रोने (जमिनीत कंपक घालून) घट्ट करावी, तर तीच कंपनं निमित्त व्हायची. आधी पाणीपातळी उतरवून पायथ्याला फिल्टरवर दगडी भार, मग व्हायब्रो, हा क्रम बरोबर आहे का? पीझोमीटरवर (छिद्रदाब मोजायचं उपकरण) दाब किती चढला की काम थांबवता?