मदत हवी आहे: आईचा ब्लड रिपोर्ट बाहेर फुटला, डेटा प्रोटेक्शन बोर्डाकडे जाता येतं का?

नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

मागच्या महिन्यात आईची शुगर टेस्ट करून घेतली, घरी येऊन सँपल नेणारी लॅब. संध्याकाळी रिपोर्ट ॲपवर आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, "मॅडम, आईंचं एचबीएवनसी साडेआठ आलंय ना, आमच्याकडे खास डायबिटीसवाल्यांसाठी प्लॅन आहे." अहो, तोवर मी तो रिपोर्ट आईलासुद्धा दाखवला नव्हता! नंबर कुठून मिळाला विचारलं तर फोन कट, मग वेगवेगळ्या नंबरांवरून आणखी चार-पाच.

लॅबला मेल टाकला की रिपोर्ट कुणाला दिलात ते सांगा आणि आमचा सगळा डेटा उडवा, तर 'आपली गोपनीयता आमच्यासाठी महत्त्वाची आहे' असं छापील उत्तर आणि एक तिकीट नंबर. तीन आठवडे झाले, पुढे ढिम्म.

आता तो २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, २५० कोटींपर्यंत दंड वगैरे वाचलं, म्हणून थेट त्याखालच्या बोर्डाकडे तक्रार करावी म्हणतेय, पण कुणीतरी म्हणालं की तक्रार खोटी ठरली तर उलटा आपल्यालाच १०,००० पर्यंत दंड, आणि माझ्याकडे पुरावा म्हणजे फक्त कॉल लॉग आणि तो मेल. कुणी केलंय का असं काही? भरपाई मिळते का?

प्रतिसाद १
वकील नाही, पण ऑफिसात हेच काम बघतो. थोडी थंड बातमी आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बोर्डाची कलमं लगेच लागू झाली पण कंपन्यांच्या जबाबदाऱ्या आणि तुमचे हक्क यांना १८ महिन्यांची मुदत, म्हणजे मे २०२७. शिवाय तेव्हाही आधी कंपनीकडे तक्रार, तिथे काही झालं नाही तरच बोर्ड. आणि दंड झालाच तर तो सरकारी तिजोरीत जातो, तुम्हाला छदाम नाही. १०,००० चं कलम खोट्या किंवा उगाच केलेल्या तक्रारींसाठी आहे, तुमची तशी नाही, त्याला घाबरू नका.

तोवर जुना आयटी कायदा आहे ना, कलम ४३अ, म्हणजे कंपनीने संवेदनशील माहिती नीट सांभाळली नाही आणि नुकसान झालं तर भरपाई. मेडिकल रेकॉर्ड २०११ च्या नियमांत संवेदनशील माहितीत मोडतं, लॅबच्या ग्रीव्हन्स ऑफिसरने (तक्रार निवारण अधिकारी) महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. वेबसाइटवर त्याचं नाव शोधा, ते तिकीट वगैरे सोडा, त्याच्या नावानेच लेखी द्या. भरपाई हवी तर राज्याच्या आयटी सचिवांकडे, अ‍ॅडज्युडिकेटिंग ऑफिसर (अशा दाव्यांचा निवाडा करणारे अधिकारी) तेच, ५ कोटींपर्यंतचे दावे ते ऐकतात. गंमत म्हणजे नवा कायदा पूर्ण लागू झाला की हे ४३अ रद्द होणार, त्यामुळे करायचं तर आत्ताच.

धागाकर्ती
बापरे, म्हणजे नवीन दार उघडलं की जुनं बंद! साइटवर सगळं चाळलं, ग्रीव्हन्स ऑफिसर म्हणून नाव नाहीच, नुसता एक कस्टमर केअरचा नंबर आहे. मग लेखी कुणाच्या नावाने देऊ?

प्रतिसाद १
नाव न टाकणं हाच एक मुद्दा झाला. त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट घेऊन ठेवा आणि कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर 'ग्रीव्हन्स ऑफिसर' एवढंच लिहून स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा.