मेल प्रोग्रामची मोठी आवृत्ती लगेच घ्यावी का?

अडगळवाला (धागाकर्ता):

संगणकावर इन्स्टॉल करून वापरायच्या मेल प्रोग्रामची नवी मोठी आवृत्ती आली की ती ताबडतोब घ्या, सुरक्षिततेचा प्रश्न आहे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. हा सल्ला सरसकट पाळू नये, असे माझे मत आहे. सुरक्षेचा पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारी छोटी दुरुस्ती, लगेच बसवावा याबद्दल दुमत नाही. माझा आक्षेप मोठ्या आवृत्तीला आहे, कारण तिच्यात चार दुरुस्त्यांबरोबर न मागितलेले चाळीस बदल गळ्यात पडतात.

एका लहान कार्यालयाची मेलव्यवस्था मी सांभाळतो. मागे एकदा रात्रीतून आवृत्ती बदलली आणि सकाळी पाहतो तो, एकाच पत्रात प्रत्येकाचे नाव-पत्ता भरून शेकडो जणांना पाठवणारे आमचे ॲड-ऑन (प्रोग्रामला जोडलेला पूरक भाग) यादीत करड्या अक्षरांत पडलेले होते. शेजारी ‘या आवृत्तीशी सुसंगत नाही’ एवढीच ओळ. मी जुनी आवृत्ती परत बसवली, तर हे प्रोफाइल (खाती, मेल आणि सेटिंग्ज यांचा फोल्डर) नव्या आवृत्तीत वापरलेले आहे असे सांगून तिने ते उघडायला नकार दिला. नवे, रिकामे प्रोफाइल करू का, असे मात्र तिने अदबीने विचारले.

हा प्रकार एकट्या आमच्याच वाट्याला आला असे नाही. थंडरबर्ड या मेल प्रोग्रामच्या ६८ क्रमांकाच्या आवृत्तीने २०१९ मध्ये बहुतेक जुनी ॲड-ऑन बाद केली आणि २०२० मधल्या ७८ ने उरलेलीही. मेल कूटबद्ध करण्याच्या पीजीपी पद्धतीसाठी लोक वर्षानुवर्षे वापरत आलेले एनिगमेल त्यातच गेले. त्याची जागा प्रोग्राममध्येच बसवलेल्या सोयीने घेतली, परंतु ती सोय ग्नूपीजी या स्वतंत्र प्रोग्राममधल्या किल्ल्या (कूटबद्धतेचे संकेत) न वापरता स्वतःचा वेगळा जुडगा ठेवते, त्यामुळे किल्ल्या नव्याने आत आणाव्या लागल्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ७८.० ही आवृत्ती जुन्या वापरकर्त्यांना आपोआप दिलीच गेली नव्हती. ज्याला हवी त्याने स्वतः उतरवून घ्यायची होती. प्रोग्राम तयार करणारेच थांबत असतील तर वापरणाऱ्याने घाई का करावी?

पहारेकरी:

आपला त्रास खरा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. हिशेबाच्या प्रोग्राममध्ये मी उघडेन तीच फाइल येते. मेलच्या पेटीत मात्र जगातला कोणीही, मला न विचारता, हवे ते टाकू शकतो, आणि मी पाहण्याआधीच माझा प्रोग्राम ते वाचून त्याचा अर्थ लावू लागतो. अशा प्रोग्रामला जुनेपणाची मुभा देणे धोक्याचे आहे.

मार्च २०२३ मध्ये उघड झालेली आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्राममधली त्रुटी आठवा. भेटीची आठवण करून देताना कोणता ध्वनी वाजवायचा, त्या फाइलचा पत्ता पाठवणाऱ्यालाच ठरवता येत असे, आणि तो पत्ता हल्लेखोराच्या सर्व्हरचा असला तरी आउटलुक ध्वनी आणायला निमूटपणे तिकडे जाई. जाताना विंडोजच्या लॉगिनचा एनटीएलएम हॅश, म्हणजे पासवर्डपासून बनवलेला सांकेतिक ठसा, त्या सर्व्हरच्या हाती पडे. त्यासाठी मेल उघडावा लागत नसे, प्रीव्ह्यूसुद्धा पाहावा लागत नसे. ‘मी संशयास्पद लिंकवर क्लिक करत नाही’ म्हणणारा सावध माणूसही इथे सारखाच उघडा पडत होता.

जुनी ॲड-ऑन का गेली, हेही पाहावे. त्यांना प्रोग्रामच्या आतल्या जवळजवळ कोणत्याही भागात हात घालता येत असे. नव्या पद्धतीच्या ॲड-ऑनला आपल्याला काय काय हवे ते आधी जाहीर करावे लागते. आपले पत्रे पाठवणारे ॲड-ऑन सर्व पत्ते आणि सर्व मेल वाचू शकत होते, ही गोष्ट ते बंद पडेपर्यंत कोणाच्या मनात तरी आली होती का?

अडगळवाला:

नव्हती आली, हे कबूल. पण आपले आउटलुकचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्या त्रुटीचा पॅच फक्त सर्वांत नव्या आवृत्तीला मिळाला नव्हता; आउटलुक २०१३, २०१६ आणि २०१९ वापरणाऱ्यांनाही तो मिळाला. ज्याने मोठी उडी न घेता जुन्या आवृत्तीचे पॅच नेमाने बसवले, तो सुरक्षित राहिला.

शिवाय नवी आवृत्ती स्वतःची भोकेही घेऊन येते. थंडरबर्डच्या ७८.८.१ ते ७८.१०.१ या आवृत्त्यांत आयात केलेल्या ओपनपीजीच्या (पीजीपीच्याच खुल्या मानकाच्या) गुप्त किल्ल्या डिस्कवर कूटबद्ध न होता उघड्याच साठवल्या जात होत्या. मास्टर पासवर्ड लावलेला असला तरी त्या किल्ल्यांना त्याचे संरक्षण नव्हते. ७८.१०.२ मध्ये ते दुरुस्त झाले. नव्या सोयीच्या भरवशावर ज्यांनी मोठ्या हौसेने किल्ल्या हलवल्या, तेच यात सापडले.

पहारेकरी:

आपण तारखा सांगितल्या नाहीत, म्हणून मी सांगतो. तो पॅच १४ मार्च २०२३ रोजी आला आणि आउटलुक २०१३ चा आधार, म्हणजे पॅच पुरवणे, ११ एप्रिल २०२३ रोजी संपला. त्रुटी चार आठवड्यांनंतर उघड झाली असती, तर आपला नेमाने पॅच बसवणारा माणूस कुठे असता? ‘जुनी पण आधार असलेली’ आवृत्ती हा आपला मुक्काम मला मान्य आहे; परंतु बहुतेक लोक तिथे थांबत नाहीत. अपडेटची खिडकी एकदा बंद केली की ती कायमची बंद करायची सवय लागते.

किल्ल्यांच्या बाबतीत आपले म्हणणे बरोबर आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

सर्व्हरचा_हमाल:

आपण दोघेही हा निर्णय वापरकर्त्याच्या हातात आहे असे धरून चालला आहात. मी सर्व्हरच्या बाजूला बसतो आणि तिथून चित्र वेगळे दिसते. मेल प्रोग्राम आणि सर्व्हर यांच्यातला संवाद कूटबद्ध करणाऱ्या टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या थंडरबर्ड ७८ ने मुळातच बंद ठेवल्या, आणि मार्च २०२१ मध्ये इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने त्या अधिकृतपणे कालबाह्य ठरवल्या. जिथे सर्व्हर जुना होता, तिथल्या लोकांना ‘अपडेटने मेल बंद पाडला’ असे वाटले. वास्तविक त्यांचा सर्व्हरच २००८ पासून उपलब्ध असलेले टीएलएस १.२ बोलत नव्हता.

अशा वेळी लोक काय करतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. प्रगत सेटिंग्जमध्ये जायचे, किमान टीएलएस आवृत्तीसमोरचा ३ हा आकडा (म्हणजे टीएलएस १.२) काढून १ (म्हणजे १.०) लिहायचा, मेल येऊ लागला की सुस्कारा सोडायचा. नंतर सर्व्हर सुधारला जातो, पण तो १ तिथेच राहतो.

दुसरी बाजू लॉगिनची. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर आत येणाऱ्या प्रोग्रामांची वाट बंद केली, आणि मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइन या आपल्या मेलसेवेत तेच सुरू केले. आउटलुक २०१० ला नवी, ओॲथवर (प्रोग्रामला पासवर्डऐवजी परवानगीचे टोकन देण्यावर) आधारित पद्धत येतच नाही. २०१३ ला ती येते, पण रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात) नोंदी कराव्या लागतात. ज्यांनी ‘थांबू या’ म्हटले, त्यांचा प्रोग्राम एका सकाळी पासवर्ड विचारत बसला, बरोबर पासवर्ड दिला तरी पुन्हा विचारत बसला. म्हणून थांबायचे तर किती दिवस, हे आधी ठरवा. नाहीतर ते दुसरा कोणीतरी आपल्यासाठी ठरवतो.

कोरडी_शाई:

चर्चा वाचताना एका गोष्टीचे नवल वाटले. धागाकर्त्यांची खरी अडचण ॲड-ऑन बंद पडण्याची नव्हती, परत फिरता न येण्याची होती. प्रोफाइलच्या फोल्डरची आदल्या दिवशीची प्रत असती तर जुनी आवृत्ती पंधरा मिनिटांत पूर्ववत चालली असती. ती प्रत मेल प्रोग्राम पूर्ण बंद करून घ्यावी. चालू असताना घेतलेल्या प्रतीत काही फाइली अर्धवट लिहिलेल्या सापडतात, हा माझा स्वतःच्या हाताने मिळवलेला अनुभव आहे. आयमॅप (मेल सर्व्हरवर ठेवून वाचण्याची पद्धत) वापरणाऱ्यांचा मेल सर्व्हरवर असतोच, पण पॉप (मेल संगणकावर उतरवून घेण्याची पद्धत) वापरणाऱ्यांचा आणि स्थानिक फोल्डरांत हलवलेला मेल बहुधा फक्त त्या डिस्कवर असतो, हे हटकून विसरले जाते.

आणि ‘अपग्रेड’ हा शब्दही जरा तपासून घ्यावा. विंडोजवरचे नवे आउटलुक हे जुन्याची पुढची आवृत्ती म्हणून पुढे केले जाते. प्रत्यक्षात त्यात कॉम या पद्धतीची जुनी ॲड-ऑन चालत नाहीत, आणि अन्य सेवेचे आयमॅप खाते जोडले तर त्या खात्यातील मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर ठेवली जाते. ते कोणाला सोयीचे वाटेल, कोणाला नाही. पण गोपनीय पत्रव्यवहार असलेल्या कार्यालयात हा बदल एका बटणाने होऊ देणे मला तरी गैर वाटते, आणि इथे मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.

अडगळवाला:

प्रतीचा टोमणा लागला. तो लागायलाच हवा होता.

आता असे ठरवले आहे. दरमहा निघणाऱ्या आवृत्तीच्या वाटेला न जाता थंडरबर्डची दीर्घ मुदतीची ईएसआर मालिका घ्यायची, तिचे पॅच आल्या दिवशी बसवायचे. नवी मालिका निघाली की ती आधी एकाच संगणकावर, प्रोफाइलची प्रत घेऊन चालवून पाहायची, आणि जुन्या मालिकेचे पॅच थांबण्याची तारीख कळली की तिच्या दोन आठवडे आधी बाकीचे संगणक हलवायचे, मग एखादे ॲड-ऑन मागे राहिले तरी चालेल. आपोआप मोठी उडी घेऊ देणार नाही, या मतावर मी अजून ठाम आहे.

पहारेकरी:

दोन आठवड्यांऐवजी सहा आठवडे ठेवा. आधीच्या महिन्यात सुट्ट्या येतात आणि तारखा पुढे ढकलल्या जातात. आणि तो पहिला संगणक कोणाचा, हे लेखी ठरवा. सर्वांत जास्त ॲड-ऑन वापरणाऱ्या माणसाचा असला तर चाचणीला अर्थ आहे.

अडगळवाला:

सहा आठवडे मान्य. सर्वांत जास्त ॲड-ऑन माझ्याच संगणकावर आहेत.