आईवडिलांनी जिवंतपणी फ्लॅट मुलाच्या नावावर करावा का? माझं स्पष्ट मत, नाही

परळकर:
आमच्या चाळीचं रिडेव्हलपमेंट झालं, नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला आणि आता लिफ्टमध्ये सुद्धा तोच विषय, बक्षीसपत्र करून टाका, म्हणजे घर आत्ताच फुकट मुलाच्या नावावर, मुलांसाठी मूळ स्टँप ड्युटी फक्त २०० रुपये आहे. मला हे अजिबात पटत नाही. मृत्युपत्र करा ना! साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि त्यांच्या सह्या घ्यायच्या, रजिस्टर केलंत तर उत्तमच पण सक्ती नाही, आणि उद्या मन बदललं तर दुसरं करता येतं. बक्षीसपत्र रजिस्टर झालं की घर तुमचं राहत नाही, मुलाने धंद्यासाठी गहाण टाकलं तरी तुम्हाला कोणी विचारणार नाही.

मुलुंडची सून:
साफ असहमत. मृत्युपत्र माणूस गेल्यावर बाहेर येतं आणि मग ज्याला कमी मिळालं तो म्हणतो सही खोटी, बाबांना तेव्हा काही कळत नव्हतं, की चालले सगळे कोर्टात. बक्षीसपत्राला बाबा स्वतः रजिस्ट्रारसमोर बसतात, फोटो अंगठा होतो, जे काय ते त्यांच्या हयातीत. आणि २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे की, सांभाळलं नाही तर कलम २३ खाली रद्द करता येतं.

परळकर:
ताई, तिथेच लोक फसतात. सांभाळण्याची अट असेल तरच कलम २३ लागतं, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये हेच सांगितलंय. आणि लोक तर हौसेने लिहितात "प्रेमापोटी व विनाअट"!

चेंबूर ७१:
पण जानेवारी २०२५ चा निकाल पण सांगा ना. मध्य प्रदेशातल्या आईने मुलाला घर दिलं, मुलाने त्याच दिवशी सांभाळायचं वचनपत्र लिहून दिलेलं, कोर्टाने बक्षीसपत्र रद्द करून ताबा आईला परत दिला. म्हणजे अट लेखी हवी, बस. "जेवणखाण, औषधपाणी आणि याच घरात आजन्म राहणं देईल या अटीवर" एवढं टाकायला काय जातं?

गोरेगाव पूर्व:
आमच्या सोसायटीत नॉमिनी लावलाय, मग हे सगळं कशाला?

चेंबूर ७१:
नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हो. तो वारसांच्या वतीने सांभाळणारा, हक्क वारसांचाच.

मुलुंडची सून:
अट घालायची हे मान्य. पण मृत्युपत्रच करायचं तर निदान त्याच दिवशीचं डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट जोडा, ज्याला घर मिळणार त्याला साक्षीदार करू नका, आणि कागद कुठे ठेवलाय ते घरात सांगून ठेवा. हे कोण करतं सांगा? म्हणून मी बक्षीसपत्रच म्हणते.

परळकर:
करत नाहीत तर करायला लावू, पण सत्तरीच्या माणसाने स्वतःच्या घरात मुलाच्या मर्जीवर राहायचं हे मला मान्य नाही. आणि ही बक्षीसपत्रं लग्न झालेल्या मुलींना न सांगता होतायत, त्याबद्दल कोणीच का बोलत नाही?