'शरण' जाणे म्हणजे हार मानणे का?

विचारणा
जय ख्रिस्त. मी नाशिकला शरणपूर रोडला राहतो, मागच्या मे महिन्यात निवृत्त झालो. छत्तीस वर्षं हाताखालच्या माणसांवर आवाज चढवला. आता समोर फक्त बायको आहे. परवा दूध उतू गेलं. ती शेगडीवरचं करपलेलं दूध चमच्याने खरवडत होती आणि मी असं काही बोललो की तिचा हात तिथेच थांबला. संताप हे माझं जुनं पाप. ऑफिसात त्याला शिस्त म्हणत, घरात लपवायला तो शब्दही उरला नाही.
रात्री प्रार्थनेत 'प्रभू, मी तुला शरण येतो' म्हणताना अडखळलो. पेपरात रोज वाचतो, 'आरोपी पोलिसांना शरण आला'. देवापुढेही असेच हात वर करायचे का? बायबलात तर 'अधीन व्हा' असंही आहे. नेमका अर्थ कोणी सांगेल का?

प्रतिसाद
व्याकरण एकच. शत्रूला शरण जातात, विठ्ठलालाही शरण जातात. समोर कोण आहे त्यावर अर्थ ठरतो.

प्रतिसाद
काका, एवढ्यावर सोडू नका, हा शब्द फार मोठा आहे. अमरकोशात 'शरणं गृहरक्षित्रोः' असं दिलंय. म्हणजे शरण हे घर, आणि रक्षण करणाराही शरणच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी बुद्धस्मारकात 'बुद्धं सरणं गच्छामि' ऐकलं असेल. 'गच्छामि', म्हणजे जातो. तिथे हरणं कुठेच नाही. मला वाटतं, लढाईत पडता माणूसही जीव वाचवायला आसराच मागतो, म्हणून तो 'शरण' गेला. पुढे आसरा विस्मरणात गेला आणि हार तेवढी राहिली.
आणि तुमच्या रस्त्याचंच नाव बघा ना! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर वसवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे आणून शिक्षण दिलं, हाताला काम शिकवलं. त्यांतलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनालाही हजर होता. ही मुलं कोणापुढे हरून नाशकात आली नव्हती. साखळी तुटली तरी रात्री पाठ टेकायला जागा लागते, ती त्यांना इथे मिळाली. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल 'पापाचे दास' म्हणतो, ते मी या मुलांना डोळ्यांपुढे ठेवूनच वाचते.

प्रतिसाद
'अधीन' याकोबाच्या पत्रातला (४:७). मूळ ग्रीक शब्द 'हुपोतास्सो', कोणाच्या तरी हाताखाली आपल्या जागी उभं राहणं. त्या वचनातला क्रम महत्त्वाचा: आधी 'देवाच्या अधीन व्हा', मग 'सैतानाला अडवा'. आपण बहुतेक उलटं करतो. आधी दात-ओठ खाऊन राग आवरायचा, जमला तर प्रार्थनेला बसायचं. लूक १५ मधल्या येशूच्या दाखल्यात बापाचं घर सोडून गेलेला धाकटा मुलगा दूर देशात सुधारून मग परतला नाही. डुकरं चारत होता, तिथूनच उठला आणि बापाकडे निघाला. म्हणून तुमच्या प्रार्थनेत मी 'शरण'च ठेवीन. त्यात चालून जाणं आहे.

मूळ विचारणारा
घर हा अर्थ ठाऊक नव्हता. काल 'शरण येतो' पूर्ण म्हणता आलं. राग गेलेला नाही, सकाळी भाजीवरून पुन्हा घशाशी आला. अजून एक विचारतो. बायकोशी बोलायचं आहे. 'माफ कर' म्हणू, 'क्षमा कर' म्हणू की 'चुकलं'?

प्रतिसाद
'क्षमा कर' स्वयंपाकघरात पुस्तकी वाटेल. 'माफ कर'मध्ये पहिल्याच वाक्यात तिच्याकडे मागणं आहे. नव्या करारात पापासाठी येणारा ग्रीक शब्द 'हमार्तिया', त्याच्या मुळाशी नेम चुकणं आहे. तेव्हा आपलं साधं 'चुकणं'च त्याला सगळ्यात जवळचं. फक्त 'चुकलं' म्हणू नका, त्यात कोण चुकलं ते येत नाही. 'मी चुकलो' म्हणा, आणि दुधाचं नाव घेऊन म्हणा.