सर्वसमावेशक चर्चमध्ये पहिल्यांदा: प्रभुभोजनाला उठायचं की बसून राहायचं?

चाफा
अमेरिकेत युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टच्या (यूसीसी) ‘ओपन अँड अफर्मिंग’ (समलिंगी लोकांना उघडपणे सामावून घेणाऱ्या) मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हा धागा. १९८५ च्या महासभेने समलिंगी लोकांना पूर्णपणे सामावून घ्या असं आवाहन मंडळ्यांना केलं, पण निर्णय प्रत्येक मंडळी स्वतः मतदानाने घेते. त्यामुळे बाहेर नुसतं यूसीसी लिहिलंय यावर जाऊ नका. संकेतस्थळावर ‘ओपन अँड अफर्मिंग’ हे शब्द शोधा.

उपासना साधारण तासाभराची. दारात सेवेकरी छापील पत्रिका देतो. ठळक अक्षरांतलं सगळ्यांनी मिळून म्हणायचं. ओळीपुढे चांदणी असेल तिथे जमत असेल तर उभं राहायचं. शांतीच्या अभिवादनाला लोक जागा सोडून हात मिळवायला येतात. नको वाटलं तर नमस्कार करा, कोणी वाईट वाटून घेत नाही. दानाचं ताट तसंच पुढे सरकवलं तरी चालतं, पाहुण्याकडून अपेक्षा नसते.

गोंधळ होतो तो प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षाचा रस किंवा वाइन घेण्याच्या विधीला; तो असतो बऱ्याच ठिकाणी महिन्याच्या पहिल्या रविवारी. माझं मत स्पष्ट आहे: पाळकांनी ‘हे मेज सर्वांना खुलं आहे’ म्हटलं की हिंदू असा, नास्तिक असा, खुशाल उठा. जकातदार आणि पापी यांच्या पंक्तीला बसणाऱ्या येशूच्या मेजावर बाप्तिस्म्याचा दाखला कशाला मागायचा?

नगरी
चाफा, इथेच गफलत आहे. पंक्तीतलं जेवण आणि शेवटचं भोजन या दोन वेगळ्या गोष्टी. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात पौल म्हणतो, माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी. आपल्याकडे सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मराठी मंडळ्यांत बाप्तिस्मा आणि दृढीकरण (कन्फर्मेशन) झाल्यावरच प्रभुभोजन घेण्याची रीत आहे. त्यात कोणाला हिणवणं नाही, तयारी आहे.

गंमत म्हणजे यूसीसीचं आणि आपलं मूळ एकच. १८१३ मध्ये मुंबईत आलेलं अमेरिकन मराठी मिशन ज्या मंडळाचं, तेच यूसीसीच्या पूर्वजांपैकी. तिकडे मेज खुलं झालं, इकडे शिस्त राहिली.

आणि ‘समावेशक म्हणजे खुलं मेज’ हे समीकरणही चूक. एपिस्कोपल चर्च (अमेरिकेतलं अँग्लिकन चर्च) समलिंगी जोडप्यांची लग्नं लावतं, २००३ मध्ये तिथे उघडपणे समलिंगी असलेल्या बिशपचा अभिषेक झाला; तरी त्यांच्या नियमात प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांनाच आहे. तिथे रांगेतून पुढे जाऊन दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवले की पाळक नुसता आशीर्वाद देतात. मला हीच वाट जास्त प्रामाणिक वाटते.

काटेकोर
शास्त्रार्थ चालू द्या. नवखे चुकतात ते वेगळ्याच ठिकाणी.

बसल्या जागी तबक आलं तर भाकरीचा तुकडा आणि रसाचा इवलासा पेला हातात धरून थांबायचं. बऱ्याच ठिकाणी सगळे एकदम घेतात. नवखा मिळाल्याबरोबर तोंडात टाकून मोकळा होतो. पुढे जाऊन घ्यायचं असेल तर ओंजळीसारखे हात पुढे करा, तुकडा हातावर मिळतो. तो रसात जेमतेम टोकापर्यंत बुडवायचा. खोल बुडवला की बोटं रसात जातात, आणि मऊ पाव तुटून प्याल्यातच राहतो. यूसीसीत बहुधा द्राक्षाचा रस असतो, एपिस्कोपलमध्ये खरी वाइन. दारू वर्ज्य असणाऱ्यांनी तिथे फक्त भाकर घेतली तरी चालते.

गव्हाचं पथ्य असेल तर ग्लूटेनमुक्त भाकर मागा, पण सामाईक प्याल्यात बुडवू नका: आधीच्यांच्या पावाचा चुरा त्यात असतो. वेगळा पेला आहे का, ते आधी विचारा.

आता खरा धोका. अनेक चर्चांची उपासना यूट्यूबवर थेट जाते आणि कॅमेऱ्याचं तोंड मधल्या वाटेकडे, म्हणजे नेमकं प्रभुभोजनाच्या रांगेकडे असतं. आपण समलिंगी आहोत हे घरी सांगितलेलं नाही अशा माणसाचा चेहरा तिथे स्वच्छ दिसतो. सेवेकऱ्याला ‘कॅमेऱ्यात न येणारी बाजू कोणती?’ एवढंच विचारा, कारण सांगायची गरज नाही.

चाफा
कॅमेऱ्याचा मुद्दा सोळा आणे खरा. नगरी, एपिस्कोपलचा नियम मान्य, मी यूसीसीपुरतंच बोलत होतो. पण बसून राहणारा एकटाच उरतो आणि रांगेतले सगळे त्याला ओलांडून जातात, त्याचं काय? समावेशक म्हणवणाऱ्या जागी पहिल्याच दिवशी तो वेगळा पडतो.

नगरी
ओलांडून जातात ही बैठकीची अडचण, सिद्धांताची नाही. बाकाच्या टोकाला बसा, गुडघे बाजूला घ्या. उलट भिडेखातर उठणाऱ्याला आपण कशात भाग घेतोय हेच कळलेलं नसतं, आणि पाळकांनी दोन वाक्यांपलीकडे समजावलेलंही नसतं. खुल्या मेजावर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच: बोलावतात सगळ्यांना, सांगत कोणालाच नाहीत.

काटेकोर
सांगतात, पण उपासना संपल्यावर, कॉफीच्या वेळी. कोणाला बोलावलंय, रस की वाइन, जागेवर की पुढे जाऊन, हे बऱ्याचदा पत्रिकेतही छापलेलं असतं. दहा मिनिटं आधी पोचून ती वाचलीत तर उठायचं की नाही हे पहिलं गीत सुरू व्हायच्या आत ठरवता येतं.