चालकाच्या अपघाताची चौकशी सुरक्षा समितीने कशी करावी?

प्रश्न : समिती सदस्य, राळेगाव तालुका (जि. यवतमाळ)

आमच्या जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या) कारखान्याच्या सुरक्षा समितीवर कामगारांच्या वतीने मी यंदा प्रथमच गेलो आहे आणि पहिलेच प्रकरण अवघड आले आहे. गाठी घेऊन हिंगणघाटकडे निघालेला आमचा ट्रक पहाटे साडेचारच्या सुमारास रस्त्यात उभ्या असलेल्या, पऱ्हाट्यांनी (कपाशीच्या वाळलेल्या झाडांनी) भरलेल्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता आणि पऱ्हाट्या मागच्या फळीबाहेर हात-दीड हात आलेल्या होत्या. सुदैवाने चालकाच्या गुडघ्यावर निभावले.

समितीपुढे येणाऱ्या छापील नमुन्यातील पहिलाच रकाना ‘चालकाची चूक : होय / नाही’ असा आहे आणि बैठकीआधीच त्यात ‘होय’वर खूण झालेली मी पाहिली. दुरुस्तीचा खर्च त्याच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापण्याचेही ठरल्यासारखेच आहे. चालक माझ्याच गावचा, नात्यातला आहे. त्यामुळे मी काही बोललो की ‘आपला माणूस’ हा शिक्का बसणार. त्याला वाचवावे असा माझा आग्रह नाही, परंतु न्याय्य चौकशीत नेमके काय पाहायचे असते, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : निवृत्त वर्कशॉप फोरमन, हिंगणघाट

भाऊ, सर्वांत आधी ट्रक कुठे उभा आहे ते पाहा. गॅरेजमध्ये गेला असेल तर काम थांबवायला सांगा, कारण माझ्या नोकरीत एकदा समिती बसेपर्यंत गाडी रंग देऊन गेटवर उभी होती आणि आम्ही सात जण ब्रेकविषयी तासभर नुसते अंदाज बांधत बसलो होतो. ब्रेकचे लायनर, टायरची नक्षी, हेडलाइटची काच आणि तिचा कोन यांचे फोटो तारखेसह काढून ठेवा.

मग हिशेब मांडा. ताशी ६० किलोमीटर वेगाने ट्रक एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जातो. समोर काही आहे हे डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक ते दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच १७ ते २५ मीटर संपलेले असतात, आणि भरलेला ट्रक थांबायला त्यापुढे आणखी अंतर लागते. हेडलाइट पिवळी पडून खाली झुकलेली असेल, तर पऱ्हाट्यांच्या करड्या ढिगापुढे सावध चालकही वेळेत थांबू शकेल का, हा प्रश्न समितीने स्वतःला विचारला पाहिजे. अर्थात वेग ६० चाच होता की जास्त, हेही जीपीएसच्या नोंदीवरून पाहावे लागेल, आणि ती नोंद चालकाच्या विरोधात गेली तर तीही तशीच लिहावी लागेल.

उत्तर : कामगार कायद्याचे काम करणारा, यवतमाळ

येथे दोन वेगळी कामे एकत्र मिसळली आहेत. अपघात पुन्हा होऊ नये म्हणून कारणे शोधणे हे समितीचे काम; शिक्षा हा शिस्तभंगाच्या स्वतंत्र चौकशीचा विषय. विमान अपघातांच्या तपासासाठी शिकागो करारातील (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या करारातील) परिशिष्ट १३ हेच सांगते, की तपासाचा एकमेव हेतू अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा जबाबदारी वाटून देणे हा नाही. ट्रकला हे तत्त्व लागू करायला काहीच हरकत नसावी.

पगारकपातीविषयी सांगायचे तर, नुकसान कामगाराच्या हयगयीमुळेच झाले असले पाहिजे, त्याला आधी बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे आणि कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये, हे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होते व २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. सर्व कपाती मिळूनही वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता येत नाहीत. म्हणून रकान्यातली खूण हा कपातीचा आधार होऊ शकत नाही.

ड्यूटीचे तासही तपासा. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ ने सर्वसाधारणपणे दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. हा कायदा स्वतःच्या मालाची ने-आण करणाऱ्यांनाही धरून होता. आता तो कामाच्या ठिकाणची सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेत सामावला असला, तरी थकव्याचे मोजमाप म्हणून हे आकडे आजही उपयोगी आहेत.

नात्याचे म्हणाल, तर ते बैठकीच्या सुरुवातीलाच स्वतः सांगून कार्यवृत्तात नोंदवा आणि अंतिम मतातून बाहेर राहा. प्रश्न विचारण्यापासून मात्र मागे हटू नका.

उत्तर : ट्रकचालक, पांढरकवडा

चालकाची बाजू थोडक्यात मांडतो. सिझनमध्ये मागच्या खेपेवरून आल्यावर किती वेळ झोप मिळाली, हे आम्हांला कोणी विचारत नाही, आणि आपणहून सांगितले तर पुढची खेप दुसऱ्याला जाते. रोही (नीलगाय) आडवा आला म्हणून साइडपट्टीवर चाक उतरले, आरसा घासला, अशा लहान गोष्टी आम्ही लपवतो, कारण सांगितले की पैसे कापले जातात. तुमच्या समितीपुढे म्हणूनच फक्त मोठे अपघात येत असतील. चालकाला समोर बसवा, चहा द्या आणि ‘चूक कशी झाली’ ऐवजी ‘त्या रात्री काय काय झाले’ असे विचारा.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. ट्रक अजून आवारातच उभा आहे, फोटो काढले आहेत. वर्कशॉपचे रजिस्टर मागितले, तेव्हा डाव्या हेडलाइटची तक्रार त्याच चालकाच्या सहीने दोनदा लिहिलेली सापडली. पुढचा ‘दुरुस्ती झाली’ हा रकाना दोन्ही वेळा कोरा आहे. गेटच्या नोंदीप्रमाणे त्या पहाटेची खेप त्याची चोवीस तासांतली तिसरी होती. जीपीएसचा वेग मात्र काही ठिकाणी ७० च्या वर दिसतो, आणि तोही मी टिपणात लिहिला आहे. बैठक बुधवारी आहे. नाते सांगून मी हे टिपण वाचणार आहे आणि छापील नमुना कोरा करून पुन्हा भरावा अशी लेखी मागणी आजच दिली आहे.