खडक कथा घडवतो की माणूस?

कातळवेडा: दंतकथांना आपण निव्वळ कल्पना म्हणून फार लवकर निकालात काढतो. अमेरिकेतील ऑरेगन येथे सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माझामा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, डोंगराचा माथा आत खचला आणि त्या कुंडात आजचे क्रेटर लेक साठले. तेथील क्लामाथ लोकांच्या कथेत पाताळाचा अधिपती लाओ आणि आकाशाचा अधिपती स्केल यांचे युद्ध होते, आग बरसते आणि शेवटी लाओवर डोंगर कोसळून त्या खळग्यात पाणी भरते. माझामाच्या राखेच्या थराखाली फोर्ट रॉक गुहेत सालीच्या विणलेल्या वहाणा सापडल्या आहेत, म्हणजे उद्रेकापूर्वीच त्या भागात माणसे राहत होती. मग ही कथा म्हणजे डोळ्यांनी पाहिलेल्याची आठवण का मानू नये?

शंकासुर: माणसे होती, हे मान्य, पण कथा बाहेरच्यांच्या कानी पडली ती एकोणिसाव्या शतकात, आणि मधल्या काळात तिच्यात काय मिसळले हे कोण सांगणार? खचलेला डोंगर आणि त्यातील तळे पाहून एखाद्या चाणाक्ष माणसाने ती नंतरही रचली असेल. शिवाय खडक सारखा म्हणून कथा सारखी होत नाही. निवताना आकसणाऱ्या लाव्ह्याला तडे जाऊन बहुकोनी स्तंभ बनतात. उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवे या किनाऱ्यावर असे सुमारे ४०,००० स्तंभ आहेत, आणि तिथे ती फिन मॅककूल या राक्षसाने बांधलेली वाट ठरते; अमेरिकेतील वायोमिंगच्या डेव्हिल्स टॉवर या सुळक्यावर मात्र किओवा या मूळनिवासी लोकांना अस्वलाच्या नखांचे ओरखडे दिसतात.

कातळवेडा: उदाहरण तुमचे, पण ते माझ्याच बाजूने बोलते. फिनची वाट समुद्रापलीकडे स्कॉटलंडला जाते, आणि तेथील स्टाफा बेटावर तसेच बेसाल्टचे स्तंभ उभे आहेत. दोन्ही किनाऱ्यांचे नाते सांगणाऱ्याने आधी खडक नीट पाहिला होता.

नदीकाठ: कथांतच अडकू नका. ग्रीसच्या फ्रँख्थी गुहेत हिमयुगाच्या अखेरीस मेलॉस बेटावरील ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काळी काच, पोहोचली होती. त्या काचेच्या तीक्ष्ण धारेसाठी माणसे समुद्र ओलांडत होती.

शंकासुर: ती काच बेटावर त्याआधीही पडून होतीच की! होडी वल्हवली ती माणसाच्या गरजेने. स्टाफाचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. अर्थात, बारकाईने पाहणे ही करामतही माणसाचीच.